डोंगरावरचं उधाण

खोटं वाटेल, पण पंचाण्णव सालची गोष्ट आहे. पेणच्या खाडीकाठच्या शाळेतल्या दिनानाथ गुरुजींना शिक्षण खात्याच्या साहेबांनी दम भरला, "चौथीचा निकाल सुधारा, नाहीतर रोह्याच्या डोंगरावरच्या शाळेत बदली!"

गुरुजींनी धसकाच घेतला. दर चाचणीचे गुण ते भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या त्या तारखेखाली लिहू लागले. बघतात तर काय, अमावास्या-पौर्णिमेला सगळा वर्ग आडवा!

"आडवा पडंल नाय तर काय?" मिठागरावरची ठमाबाई म्हणाली. "उधाणाचं पाणी आत घ्यायला आम्ही पोरांसकट जागतो. मग पोरं पाटीवरच घोरतात."

तेव्हापासून गुरुजी अवघड गणितं उधाण नसलेल्या अष्टमीला शिकवायचे आणि उधाणाला पोरांना वर्गात खुशाल झोपू द्यायचे. निकाल असा चढला, की दाराशी बांधलेला ठमाबाईचा बोकडसुद्धा काठावर पास झाला म्हणतात.

साहेब जातीनं आले. कॅलेंडर बघून खूश झाले. "शाबास गुरुजी! उधाण बघून शिकवलं की निकाल वाढतो, हे तुम्ही आकड्यांनी दाखवलंत. आता डोंगरावरच्या शाळेचाही असाच वाढवा." आणि त्यांनी बदलीचा हुकूमच गुरुजींच्या हातात ठेवला.

"अहो साहेब," गुरुजी रडवेले झाले, "डोंगरावर उधाण येत नाय!"



"तरीच म्हटलं, त्यांचा निकाल एवढा वाईट कसा!"