इल्झेच्या वाटचा तिळगूळ

२००७च्या संक्रांतीला एडिनबरातल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर निवेदिताने अख्ख्या वॉर्डला तिळगूळ वाटला, फक्त इल्झेला सोडून. चार वर्षं राबली निवेदिता, आणि बढतीची जागा मिळाली या लात्वियाच्या नवख्या डॉक्टरणीला. का, तर नवा नियम म्हणे, युरोपातल्यांचा हक्क आधी! हिच्याशी कसलं डोंबलाचं गोड बोलायचं?

इल्झे आजच सुट्टीवरून परतली होती.

"मजा आहे बाई तुझी," निवेदिता फणकारली. "देश युरोपियन युनियनमध्ये गेला आणि तुमचं सोनं झालं."

"झालं ना! युरोपच्या पैशातून आमच्या गावात नवंकोरं हॉस्पिटल उभं राहिलं. गेल्या आठवड्यात बाबांच्या छातीत कळ आली, तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांना लगेच तिथे नेलं."

"मग?"

"मशीन होती, खाटा होत्या. डॉक्टर एकही नव्हता. सगळे इकडे आलेत. मीसुद्धा." इल्झेने स्टेथोस्कोप गळ्यात अडकवला. "काल त्यांचं दफन उरकलं आणि आज ड्यूटीवर आले."

निवेदिताने डब्यातला उरलेला लाडू तिच्या हातावर ठेवला.

"तिळगूळ घे," ती म्हणाली. "आणि गोड अजिबात बोलू नकोस."