बॉडीला प्लस

ग्राइंडर लागला आणि डॅशबोर्डमधून ठिणग्या उडाल्या. बाबांनी तोंड फिरवलं. जुना ट्रक, डॅशबोर्ड अख्खा लोखंडी पत्रा. त्यातली रेडिओची खाच पावाच्या स्लाइसएवढी आणि मुलाने आणलेला स्टिरिओ छोट्या टीव्हीएवढा. नाकापेक्षा मोती जड. फिटर कापत सुटला.

स्टिरिओ गाण्यांसाठी नव्हताच. त्याच्यात नकाशा होता आणि गाडी कुठे आहे ते मुलाला फोनवर दिसणार होतं. गेल्या महिन्यात बाबा पुलापर्यंत चक्कर मारायला गेले ते तीन तासांनी आले. पंक्चर झालं होतं म्हणाले. कुणाला पटलं नाही. तेव्हापासून घरातले सगळे त्यांच्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागले. चाळीस वर्षं हाच ट्रक चालवलेल्या माणसाशी. मुलाने शेवटचं सांगून टाकलं होतं, की हा डबा बसला तर खुशाल चालवा, नाहीतर किल्ली माझ्याकडे.

म्हणून बाबा सकाळपासून फिटरच्या मागे मागे. बॅटरी दाखवली, सीटवर पेपर पसरला, चुरा झाडला. फिटर दातांत स्क्रू धरून बोलणारा, सतत हसरा. त्याने टेस्टलॅम्पचा चिमटा पत्र्याला लावला, टोक एका वायरला टेकवलं. दिवा लागला. झालं काम, म्हणाला, हा प्लस.

"हिच्या बॉडीला प्लस आहे," बाबा म्हणाले. "वायरीत मायनस येतो. दिवा काय, उलटासुलटा कसाही लागतो. मीटर लावून बघ."

फिटरने समजूत काढली, की काका, बॉडीला मायनसच असतो, कुठलीही गाडी घ्या, वीस वर्षं हेच करतोय. बाबा म्हणाले, ही गाडी तुझ्या जन्माआधीची आहे. फिटरने मुलाकडे पाहिलं. मुलगा बाबांच्या मागे, उघड्या दारात उभा होता. त्याने कपाळाला बोट लावून हळूच फिरवलं. त्याला वाटलं, बाबांना दिसत नाही. समोरच्या आरशात त्यांना सगळं दिसत होतं.

मग स्टिरिओच्या वायरीवरचा फ्यूजचा डबा मागे मावेना. फिटरने तो कापून फेकला आणि वायर सरळ जोडून टाकली. ते बघून बाबांना राहवेना. अरे बाबा, बॉडीला प्लस आहे हिच्या, ते पुन्हा म्हणाले.

"हो, बाबा," मुलगा एकेक शब्द सुटा करत म्हणाला. "हे तुम्ही मघाशीच सांगितलंत. आठवतंय ना?"

सुनेने डॉक्टरला दाखवायला एक कागद केला होता, तो बाबांनी चोरून वाचला होता. तेच तेच परत बोलतात, असं पहिल्याच ओळीत होतं. आता तिसऱ्यांदा बोललं की कागद खरा.

फिटरने स्क्रू आवळले. टेप गुंडाळला. आता बघा, थिएटर होतं की नाही गाडीचं, म्हणाला आणि बटणावर बोट ठेवलं. बाबांचं तोंड उघडलं. मग मिटलं.

स्क्रीन लागलीच नाही. मागे टच्चकन काहीतरी उडालं आणि कापलेल्या पत्र्याच्या कडेने धूर यायला लागला. फिटरने उडी मारून बॅटरीची वायर उपटली. मुलगा शिव्या घालत राहिला, नक्की कुणाला ते त्यालाच माहीत नव्हतं.

धूर बसल्यावर फिटरने शेवटी मीटर काढला. बॅटरीवर धरला, बघितलं, परत धरला. मग मुलाकडे वळून म्हणाला, "बॅटरी उलटी लावलीय कुणीतरी. बॉडीला प्लस दिलाय."

बॅटरी परवाच बदलली होती. बाबांनी स्वतः, एकट्याने. मुलाला ते माहीत होतं.

तो चिडला नाही, तेच वाईट. चिडला असता तर भांडता आलं असतं. त्याने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाला, की म्हणून तुम्ही सकाळपासून ते धरून बसला होता होय, जाऊ दे, होतं असं या वयात. मग दुसरा हात पुढे केला. बाबांनी खिशातून किल्ली काढून त्यावर ठेवली. मुलाने फिटरला बॅटरी सरळ करून द्यायला सांगितलं आणि बायकोला फोन लावला.

फिटरने वाकून बॅटरी फिरवली. बॅटरीचा प्लसचा खुंटा जाड असतो, मायनसचा बारीक. हिच्या बॉडीला जाणाऱ्या वायरीचं टर्मिनल मोठ्या तोंडाचं होतं, कंपनीनेच जाड खुंट्यासाठी ओतलेलं. बारीक खुंट्यावर ते गोल गोल फिरायला लागलं. दुसरं टर्मिनल जाड खुंट्यात शिरेना. फिटरचे हात थांबले. कान लाल झाले. त्याने मान वर केली. मुलगा चार पावलांवर फोनवर बोलत होता. एक हाक मारली असती तरी पुरे होतं.

फिटरने हाक मारली नाही. तो बाबांकडे बघत बसला.

"बारीक खुंट्याला पत्र्याची पट्टी गुंडाळ," बाबा म्हणाले. "आणि ते दुसरं ठोक. बसेल."

सकाळपासून पहिल्यांदाच फिटरने त्यांचं ऐकलं.