ओटीपी काकाकडं येतो

"काका, ओटीपी सांगा लवकर!"

नांदेडच्या ऑनलाइन सेंटरमध्ये तनुजा फोनवर ओरडली. पाचला फॉर्म बंद. चार चाळीस झालेले.

ओटीपी मात्र नायगावकडच्या गावात, किशनरावांच्या मोबाइलवर. घरातल्या प्रत्येक फॉर्मवर त्यांचाच नंबर. गॅस, पीकविमा, तनुजाची बारावी. पंधरा वर्षांत तो नंबर बदलला नव्हता. किशनरावही.

"कायचा हाय पण?"

"ॲडमिशनचा. दोन सरकारी विद्यापीठं. एकात नोकरीचं शिक्षण, दुसऱ्यात संशोधन. नोकरीचं एक नंबरला टाकलंय. लातूरच्या शिकवणीतले सरही तेच म्हणाले. वाचा आकडा."

"नोकरी लागती?"

"शंभरात चौऱ्याण्णव पोरांना. पत्रकात छापलंय."

"मोजलं कुणी?"

ओटीपीची मुदत संपली.

चार सत्तेचाळीस. सेंटरवाल्या अमरनाथनं दुसरा पाठवला.

"काका, आकडा!"

"सांगतो की. त्या ऱ्हायलेल्या सहांचं काय झालं?"

"मला काय माहीत!"

"कुणी इचारलं का त्येंला?"

"दुकानात सोयाबीनचं बी घेतानाही असंच डोकं खाता तुम्ही!"

"खातो. पिशवीवर छापलेलं समदं उगवत न्हाई. म्हणून तर आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून बघतो."

दुसराही गेला.

अमरनाथनं कपाळावर हात मारला. "ताई, मागं नऊजण थांबलेत."

तनुजा खाली बसली. गोणपाट.

ते शंभर दाणे चौथीपासून तीच मोजायची. कोंब आलेले काका घेऊन जायचे. न आलेले ती नखानं फोडून बघायची. काकू ओरडायची, जेवायला ये म्हणून.

पत्रक समोरच होतं. चौऱ्याण्णव, लाल अक्षरांत. सहा कुठंच नाही.

"दादा, क्रम बदला. संशोधनाचं वर घ्या."

"आत्ता?"

"आत्ता."

चार छप्पन. तिसरा ओटीपी.

"काका, पाया पडते. काही विचारू नका. नुसतं वाचा."

किशनरावांनी वाचला. एकेक आकडा, दोनदा. अमरनाथनं बटण दाबलं. फॉर्म गेला.

"झालं?"

"झालं. नोकरीचं खाली केलं, काका. संशोधनाचं एक नंबरला."

पलीकडून मग, अर्थातच:

"का?"

तनुजानं घड्याळ पाहिलं. आता घाई नव्हती.

"न उगवलेले दाणे बघायचेत, काका."