पेटीसाठी सोडलेली जागा

“काही म्हणायचं नाही हं, मावशी. फक्त श्वास घ्या.”

डॉक्टर श्रियाने शुभदाबाईंच्या गळ्यावर छोटा माइक चिकटवला आणि दुर्बिणीची बारीक नळी नाकातून हळूहळू घशापर्यंत सरकवली. समोरच्या पडद्यावर स्वरतंतू दिसले. दोन पांढुरक्या पट्ट्या, उलट्या व्हीसारख्या उघडलेल्या.

“एवढंच सांगा, ती गाणार की नाही,” भाऊ म्हणाले. शुभदाबाईंना पेटीची साथ करण्यात त्यांचे केस पिकले होते. ठाण्याच्या मैफलीत बाईंचा आवाज फुटला त्याला महिना झाला. तेव्हापासून त्यांच्या गळ्यातून साधा सा निघाला नव्हता.

“काका, आधी बघू तर द्या.”

“बघा. आतापर्यंत सगळ्यांनी ज्येष्ठमध सांगितलं. घशात काष्ठौषधींचं दुकान उघडलंय तिच्या. राहायचं या मानपाड्याच्या धुरात, आणि चघळायचं ज्येष्ठमध.”

शुभदाबाईंनी डोळ्यांनीच त्यांना गप्प बसायला सांगितलं.

तेवढ्यात पडद्यावरच्या पट्ट्या जवळ आल्या, एकमेकींना टेकल्या आणि थरथरू लागल्या.

“मावशी, अजून गायचं नाहीये.”

शुभदाबाईंनी हात हलवून ‘मी नाही’ अशी खूण केली. खोलीत एसीच्या घरघरीशिवाय आवाज नव्हता. श्रियाने त्यांच्या ओठांसमोर तळहाताची मागची बाजू धरली, मग नाकासमोर. हवा येत नव्हती. छाती हलत नव्हती. आणि यंत्राचा दिवा मात्र लुकलुकत होता. तो लुकलुकतो गळ्यावरच्या माइकला कंपन मिळालं तरच. तिने माइकची वायर उपटली. दिवा लुकलुकतच राहिला. पडद्याच्या खालच्या कडेला स्वराची उंची दाखवणारी हिरवी रेघ चढत-उतरत होती.

भाऊ खुर्ची पुढे ओढून त्या रेघेकडे बघत होते. बघता बघता ते रेघेबरोबर गुणगुणू लागले. एका ठिकाणी रेघ थांबली, पट्ट्या उघडल्या आणि शुभदाबाईंनी श्वास घेतला. त्याच क्षणी भाऊंची बोटं गुडघ्यावर धावली. एक छोटा तुकडा. तो संपला आणि पट्ट्या पुन्हा मिटल्या.

“हे मोहने गावातलं,” भाऊ म्हणाले. “कामगारांच्या गणपतीत केलेलं आमचं पहिलं नाटक. राजकन्येचं पद. ती इथे थांबायची, मी जागा भरायचो.”

“काका, पण आवाज कुठाय?”

भाऊंनी रेघेकडे बोट केलं. रेघ एकदम खाली गेली होती. “हा सेनापती. नायकाला ऐन वेळी कावीळ झाली, तर हिने मिशी लावली. लोक म्हणाले, मूळच्यापेक्षा बरा दिसतो.”

मग ठुमरी आली. मग अभंग. मग कोलशेतच्या कॉलनीतल्या दिवाळी पहाटेचा राग ललत. प्रत्येकाची ओळ-दोन ओळीच. भाऊ नाव घेत गेले आणि प्रत्येक जागी त्यांची बोटं गुडघ्यावर धावत गेली. तुकडा संपायचा आणि पट्ट्या मिटायच्या. एकदाही मागेपुढे झालं नाही.

“ओळीने चाललंय,” ते म्हणाले. “जसं गायली तसं.”

“मी नळी काढते. मला हे बरोबर वाटत नाहीये.”

शुभदाबाईंनी तिचं मनगट धरलं. घट्ट.

“आता ठाणं,” भाऊ हळूच म्हणाले.

रेघ चढत गेली. वरच्या ‘सा’च्या जरा खाली पोचली आणि फाटली. पट्ट्या उघडल्या. दिवा विझला.

बाहेर कुठल्याशा कंपनीचा भोंगा झाला. शुभदाबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते नळीमुळेही आलं असेल. मनगटावरची पकड सुटली, आणि श्रियाने नळीला हात घातला.

दिवा पुन्हा लुकलुकला.

रेघ आता खूप संथ होती. भाऊंनी गुणगुणायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

“हे कुठलं?” श्रियाने विचारलं.

“माहीत नाही. हे आम्ही केलेलं नाही.” ते रेघेकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला. “अजून केलेलं नाही. अगं शुभदा, तू गाणार आहेस.”

रेघ वर सरकत होती. फाटली होती तिथे आली, तिथून पुढे गेली आणि वरच्या ‘सा’वर जाऊन स्थिर झाली. एवढा सरळ सा भाऊंनी शुभदाबाईंकडूनही क्वचितच ऐकला होता. मग पट्ट्या सावकाश उघडल्या. शुभदाबाईंनी श्वास घेतला.

जागा आली होती. सवयीने भाऊंची बोटं गुडघ्यावर धावली. त्यांनी तुकडा भरला, नेहमीच्या जागी सोडला आणि पडद्याकडे पाहिलं.

पट्ट्या उघड्याच होत्या.

शुभदाबाई डोळे मिटून बसल्या होत्या. नळी लावलेली असताना हलायचं नसतं, तरी त्यांची मान किंचित डोलत होती. साथीदाराने काही सुंदर वाजवलं की मंचावर डोलायची तशी.

भाऊंनी बोटं गोळा केली आणि हात गुडघ्यावर उपडा ठेवला.

“माझं वाजवून झालं,” ते श्रियाला म्हणाले. “ती अजून ऐकतेय. दुसऱ्याच कुणाची तरी पेटी.”