एका छपराखाली तिघे

ऋजुता पीएच.डी.ची तोंडी परीक्षा देऊन घरी आली, तिच्यामागे दार लागले आणि ते पुन्हा उघडेना.

“बाबा, तुम्ही दुरुस्त केलंत वाटतं?”

“हातही लावलेला नाही,” म्हणत हेमंत टिळेकरांनी दाराला खांद्याने धक्का दिला. मागचे दारही बंद होते.

आईने, वसुधाताईंनी, संयुक्त निरीक्षण कक्षाला फोन लावला. शेजारी देशाशी झालेल्या करारानंतर त्यांच्यासारख्या शास्त्रज्ञांच्या घरांची कुलपे त्याच कक्षाकडे होती. तिथला त्या देशाचा अधिकारी भाषांतरयंत्रातून अदबीने म्हणाला, “मुलीचं अभिनंदन. आता तिघांपैकी घर कोण सोडणार?”

“किती दिवस?”

“कायमचं.”

“मी पदवी घेतलीच नाही तर?” ऋजुताने विचारले.

“शिकलेलं परत करता येत नाही, बाई.”

क्षेपणास्त्रबंदीच्या करारानुसार इंजिन, दिशादर्शन आणि उष्णतारोधक कवच या तिन्ही विषयांचे तज्ज्ञ एका छपराखाली आले, की ते घर क्षेपणास्त्र प्रकल्प ठरते. हेमंत इंजिनाचे तज्ज्ञ होते, वसुधाताई दिशादर्शनाच्या. कवचावरचा ऋजुताचा प्रबंध त्याच दुपारी मान्य झाला होता.