फुकट दिलेली सायकल

"ही लाल सायकल कितीला?" ढवळेबाईंनी दुकानात शिरत विचारलं, आणि जुन्या सायकली विकणाऱ्या दस्तगीरच्या हातातला पाना थबकला.

बाई शेजारच्या गावात शिकवत. त्यांच्या वर्गातली काजल दोन महिने शाळेत आली नव्हती. मुलींसाठीच्या सरकारी योजनेतून मिळालेली तिची सायकल चोरीला गेली, असं तिचा बाप सांगत होता. म्हणून तिला दुसरी सायकल घ्यायला शिक्षकांनी वर्गणी काढली होती.

सायकल चोरीला गेली नव्हती. बापानेच ती दस्तगीरला सहाशे रुपयांना विकली होती. दांड्यावर योजनेचं नाव छापलेलं दिसत असूनही दस्तगीरने काही विचारलं नाही. त्यावर लाल रंग मारला, टायर बदलले आणि अडीच हजारांची चिठ्ठी लावली. अशाच सायकलींवर त्याचं घर चालत होतं.

"बाई, फुकट न्या," तो कसाबसा म्हणाला. खरं सांगायचं होतं, पण त्याने नुसती किमतीची चिठ्ठी काढून टाकली.

बाईंचे डोळे भरून आले. "मग शनिवारी शाळेत या. तुमच्याच हातानं द्यायची!" त्याने खूप आढेवेढे घेतले, पण बाई ऐकेनात.

शनिवारी हेडमास्तरांनी त्याच्या अंगावर शाल घातली. काजल पुढे आली. तिने सीटखाली हात घातला. तिथं रंगाखाली, खिळ्याने कोरलेलं तिचं नाव बोटांना लागलं.

"काका," ती हळूच म्हणाली, "पप्पा परत घेऊन आले, तर या वेळी नाही म्हणा."

"इकडे बघा, फोटो!" कुणीतरी ओरडलं. टाळ्यांच्या गजरात दस्तगीरने हँडल घट्ट धरलं आणि तो हसला.