ढगाळ दिवसाची झळ

या पावावर हात ठेवून सांगते, ह्यातला शब्द न् शब्द खरा आहे! खोटं निघालं तर खुशाल माझ्या तोंडात माती कोंबा, वर घोटभर पाणीसुद्धा देऊ नका.

तर रातिबा गच्चीवर उभी राहून ढगांना शिव्या घालत होती. तूबा महिन्यातली हाडं गोठवणारी थंडी. मातीच्या थाळ्यांवर कोंडा भुरभुरून कणकेचे गोळे मांडलेले. आमच्या नाईलकाठी पाव उन्हात फुगतो, आणि आज उन्हाचा पत्ता नाही. गोळे आपले मेलेल्या बेडकांसारखे चपटे पडून. संध्याकाळी पुतणीची मेंदी, जेवायला अख्खी गल्ली.

पण रातिबाचा जीव पावात नव्हताच. उद्या सकाळी डॉक्टरीणबाईंना हो की नाही ते सांगायचं होतं. वर्षभर अंगावरून इतकं जात होतं की तिचे ओठसुद्धा पांढरेफटक पडलेले. "पिशवी काढावी लागेल," बाई म्हणाल्या होत्या. "अंडाशयंही धड नाहीत, तीही जातील. म्हणजे तुमचं निराशेचं वय लगेच सुरू."

आमच्याकडे पाळी जाण्याच्या वयाला हेच नाव आहे. निराशेचं वय. आणि रातिबाची चाळिशीसुद्धा उलटली नव्हती.

"काढ बाई, काढ," जाऊ नफीसा शालीतून नाक बाहेर काढत म्हणाली. "पण भट्टी विझली की तिच्यापाशी कोण बसतं गं? जाबेर दुसरी बायको आणेल. तिच्या मेंदीचे पावही तूच कर मग!"

रातिबा एक चपटा गोळा बोटाने दाबत राहिली. रोज रात्री तीही हेच तर घोकत होती.

तेवढ्यात हे सगळं ऐकत, जिन्यातून धापा टाकत बहिय्या आत्या वर आली. रातिबाच्या बापाची बहीण. सगळं गाव दोन-दोन घोंगड्यांत, आणि ही सुती झग्यात, ओढणीच्या पदराने वारा घेत. थंडीच्या दिवसांत गावची मांजरं तिच्या मागे मागे फिरायची. आतासुद्धा चार होतीच.

"गोळे का गं रुसलेत?"

"ऊन नाही, आत्या."

"एवढंच? सरकवा थाळ्या इकडे. माझी झळ येतेय."

ती मांडी घालून थाळ्यांच्या मधोमध बसली. एक गोळा उचलून मांडीवर घेतला. आधी तिचे कान लाल झाले, मग गळा, मग हात. कपाळावरून घामाची धार लागली. अंगातून वाफ निघायला लागली, अगदी चहाच्या किटलीसारखी. मांजरांनी डोळे मिटून घेतले.

आणि गोळे हलले.

एकेक गोळा हळूच वर आला, झोपलेल्या बाळाचं पोट वर येतं तसा. थाळीमागून थाळी. गच्चीभर आंबूस, गोडसर वास सुटला. नफीसाची शाल खांद्यावरून गळून पडली, ती उचलायचंही तिला सुचलं नाही.

"बिस्मिल्ला," ती पुटपुटली.

रातिबा आत्याजवळ गुडघ्यांवर बसली. "हे तुला कधीपासून गं?"

आत्याने नफीसाकडे एकदा बघितलं. मग झगा बाजूला सारून बेंबीखालचा जुना, पांढरा व्रण दाखवला.

"तुझ्याहून लहान होते तेव्हापासून. असियूतला पित्ताचे खडे काढायला गेले होते ना मी? खडे कसले! पिशवी, अंडाशयं, सगळं तिथेच ठेवून आले." तिने घाम पुसला. "झोप उडते. कधी उगाच रडू येतं. हाडांना गोळ्या खाते. खोटं कशाला बोलू, ते सगळं होतं. पण विझले म्हणतेस? हात लाव."

रातिबाने तिच्या छातीवर हात ठेवला. चटका बसल्यासारखा मागे घेतला, आणि पुन्हा ठेवला. बराच वेळ ठेवला.

मग उठली, हाताची कणीक झटकली आणि म्हणाली, "नफीसा, उद्यापासून पाव तू करायचे. मी दवाखान्यात असेन."

आता पावावर हात ठेवलाय म्हणून सांगते, एक गोष्ट पदरची घातली. त्या दिवशी सगळे गोळे नाही फुगले. आत्याच्या मांडीवरचा तेवढा एक फुगला. सगळे फुगायला पुढचा तूबा उजाडावा लागला, तेव्हा गच्चीवर बिनशालीच्या दोघी बसल्या होत्या.